दौऱ्याचे दिवस : यवतमाळ जिल्ह्यातील मिशनरी जोडप्यांचा हिवाळा

वऱ्हाडात काम करणाऱ्या परदेशी मिशनऱ्यांचे वर्ष सरकारी दिनदर्शिकेपेक्षा जमिनीच्या ओलीवर ठरत असे. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या कपाशीच्या जमिनीचा. पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा आणि मधल्या पठारावरून उतरणारे असंख्य नाले. जूनमध्ये पाऊस लागला की या मातीत बंडीचे चाक आऱ्यांपर्यंत रुतते. मार्चनंतरच्या उन्हात पारा चाळीशी ओलांडतो आणि दुपारी तंबूत बसणे अशक्य होते. राहिले ते दिवाळीपासून होळीपर्यंतचे चार महिने. नाल्यांचे पाणी उतरलेले, गाडीवाटा घट्ट झालेल्या, आकाश कोरडे. जिल्ह्यातल्या खेड्यांपर्यंत पोहोचायचे तर ते याच दिवसांत. इंग्रज अधिकाऱ्यांचे दौरे या दिवसांत निघत, तसेच मिशनऱ्यांचेही निघत. मिशिगन किंवा इलिनॉयसारख्या ठिकाणाहून आलेल्या माणसाला याची सवय व्हायला वेळ लागे. तिकडे हिवाळा म्हणजे बर्फ आणि घरात बसून काढायचे दिवस. इकडे वर्षभराचे घराबाहेरचे सगळे काम हिवाळ्यातच उरकायचे असे.

या जिल्ह्याशी सर्वांत दीर्घ संबंध आला तो अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट मंडळीचा. १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेला हा पंथ साध्या राहणीचा आग्रह धरणारा होता आणि दागदागिने, तंबाखू, दारू यांना त्यात थारा नव्हता. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे नवविवाहित जोडपे १८८१ च्या जानेवारीत मुंबईला उतरले आणि बऱ्हाणपूर-एलिचपूर भागात कामाला लागले. १८९० च्या दशकात यवतमाळ हे मिशनचे केंद्र झाले आणि पुढे वणी, दारव्हा, उमरी अशी ठाणी उभी राहिली. त्या वेळी जिल्ह्याचे नाव वणीवरून पडलेले 'वूण' असे होते, ते १९०५ मध्ये बदलून यवतमाळ झाले. सुरुवातीच्या जोडप्यांना रेल्वेने धामणगावला उतरून पुढचे २९ मैल बंडीने किंवा टांग्याने यावे लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, ती कापूस वाहण्यासाठी. पुढे 'शकुंतला' म्हणून ओळखल्या गेलेल्या या गाडीने मिशनऱ्यांचे सामान, टपाल आणि पाहुणेही वाहिले. फीबी वॉर्ड १९१० मध्ये वारल्या. त्यांची मुलगी एथेल पुढे याच देशात मिशनरी झाली आणि आईवडिलांचे चरित्रही तिनेच लिहिले. अशा जोडप्यांच्या कामाची माहिती मुख्यतः त्यांच्या पत्रांतून, वार्षिक अहवालांतून आणि घरच्यांनी लिहिलेल्या चरित्रांतून मिळते. त्यांतल्या अहवालांवर फार विसंबून चालत नाही. अहवाल वाचणारा देणगीदार असे आणि त्याला प्रवचनांचे आकडे हवे असत.

दौऱ्याची तयारी दसऱ्याच्या सुमारास सुरू होई. पावसाळाभर गुंडाळून ठेवलेले तंबू अंगणात पसरले जात. काही ठिकाणी बुरशीचे काळे डाग, काही ठिकाणी वाळवीने खाल्लेली किनार. दर्जी व्हरांड्यात बसून ठिगळे लावी. दोर बदलायचे, खुंट्या मोजायच्या, कंदिलांच्या वाती आणि काचा पाहायच्या, रॉकेलचे डबे भरून घ्यायचे. औषधाची पेटी, पुस्तकांची पेटी, भांड्यांची पेटी, बिछान्याच्या वळकट्या, घडीच्या खाटा यांची यादी करण्याचे काम बहुधा मडमसाहेबांकडे असे. खरी अडचण बंड्यांची पडे. मिशनचा दौरा आणि कपाशीचा हंगाम एकाच वेळी येत आणि ज्याच्याकडे बंडी-बैल आहेत त्याला जिनापर्यंत कापूस वाहून जास्त पैसे मिळत. तंबू वाहायला बंड्या मिळवणे म्हणजे हंगामी बाजारभावाशी झगडणे होते. त्यामुळे काही ठाण्यांवर मिशनच स्वतःची बंडी आणि बैलजोडी ठेवी. साहेब-मडम दमणीतून किंवा पायी, सामान बंडीतून, आणि मराठी प्रचारक, बायबलबाई, स्वयंपाकी यांची कुटुंबे मागून, असा हा तांडा एका गावाहून दुसऱ्या गावाला सरके.

तंबू ठोकण्याची जागा निवडणे हा नाजूक प्रश्न असे. गावाबाहेरची आमराई सर्वांत सोयीची, सावलीला आणि वाऱ्याच्या आडोशालाही. पण आमराईपेक्षा विहीर महत्त्वाची. मिशनबरोबरचे मराठी ख्रिस्ती बहुतेक महार किंवा मांग समाजातून आलेले. त्यांनी कोणत्या विहिरीवर घागर टाकायची, हे तंबूचा पहिला खुंट मारण्याआधी ठरावे लागे. परदेशी साहेबाला पाटील पाणी देई. त्याच्या प्रचारकाला देईलच असे नव्हते. काही जोडपी सरळ महारवाड्याजवळ उतरत आणि मग गावातली सवर्ण मंडळी तंबूकडे फिरकत नसत. काही गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरत आणि महारवाड्यात संध्याकाळी जात. दोन्हींत काहीतरी गमवावे लागे. धर्म बदलल्याने जात सुटते असे मिशनचे साहित्य सांगे, पण पाण्याच्या घागरीपाशी त्याची परीक्षा रोज होई. खुद्द मंडळीतही जुन्या जातींतले अंतर पूर्णपणे मिटले नव्हते.

डिसेंबर-जानेवारीतली पहाट तंबूत बरीच बोचरी असते. यवतमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे आणि थंडीच्या लाटेत तिथला पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. बर्फात वाढलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो, पण तिकडच्या घराला भट्टी असते आणि इकडच्या तंबूला कापडाची एक भिंत. दवाने कापड ओले होऊन जड होई आणि सूर्य वर येईपर्यंत तंबू मोडता येत नसे. बाहेर पऱ्हाटीच्या आणि तुऱ्हाटीच्या काड्यांची शेकोटी पेटे. तिच्याभोवती गाडीवान, स्वयंपाकी, प्रचारक आणि गावातले एक-दोन म्हातारे बसत. पहिली बातचीत बहुधा तिथेच होई आणि ती धर्माची क्वचितच असे. कपाशीचा भाव काय, बोंडअळी लागली का, अमेरिकेत कापूस कसा वेचतात, साहेबाच्या गावाला बैल असतात का, असे प्रश्न असत. ज्या मिशनऱ्याला या प्रश्नांची उत्तरे वऱ्हाडी कानाला कळतील अशा मराठीत देता येत, त्याचे गावात बरे जमे. पंडिताकडून शिकलेली पुस्तकी मराठी आणि मिशनची परीक्षा या दोन्ही गोष्टी शेकोटीपाशी अपुऱ्या ठरत.

सूर्य वर आला की गाव रिकामे होई. पुरुष शेतात, बायका वेचणीला. वेचणीची मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर मिळते, त्यामुळे प्रवचन ऐकायला थांबलेली बाई स्वतःचे पैसे बुडवत असते. ही साधी गोष्ट न कळलेल्या नवख्या मिशनऱ्यांना 'लोक उदासीन आहेत' असे वाटे. अनुभवी जोडपी दुपारभर आजारी, म्हातारे, बाळंतिणी आणि घरी राहिलेली मुले यांच्यात काम करत आणि खरी सभा रात्री जेवणे आटोपल्यावर भरवत.

रात्रीच्या सभेला सगळ्यात जास्त गर्दी खेचणारी वस्तू म्हणजे जादूचा कंदील. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो भारतभरच्या मिशन दौऱ्यांत सामान्य झाला होता. चावडीच्या भिंतीवर किंवा दोन बंड्यांच्या जुवांना बांधलेल्या बल्लींमध्ये पांढरी चादर ताणायची आणि दिव्यापुढे काचेची रंगीत चित्रे सरकवायची. थंडीत याची एक खास कटकट असे. दिवसभर पेटीत गार पडलेली काच दिव्याच्या उष्णतेपुढे एकदम धरली, तर तिच्यावर बाष्प जमून चित्र धुरकट दिसे, आणि घाई केली तर काच तडकेही. म्हणून सभेच्या आधी चित्रांची पेटी शेकोटीपासून हातभर अंतरावर ठेवून हळूहळू ऊबदार करत. चादर पाण्याने भिजवली तर चित्र मागच्या बाजूनेही दिसते. समोर पुरुष बसत, तेव्हा बायकांना आडोशाने मागून पाहता येई, फक्त चित्रे उलटी दिसत. साहेब दिवा सांभाळी आणि गोष्ट सांगे मराठी प्रचारक. चांगला प्रचारक कीर्तनकारासारखी कथा रंगवी. नारायण वामन टिळक आणि कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा जो बाज अहमदनगरकडे घडवला, तो अशाच रात्रींसाठी सोयीचा होता. टाळ आणि ढोलकीसह भजन सुरू झाले की लांबच्या वाडीवरून माणसे येत. यात एक गंमत आहे. फ्री मेथडिस्टांच्या अमेरिकेतल्या मूळ मंडळीत १९४३ पर्यंत उपासनेच्या वेळी वाद्य वाजवायला परवानगी नव्हती, आणि मराठी भजन तर टाळाशिवाय सुरूच होत नाही.

सभा संपल्यावर पैशा-दोन पैशांना शुभवर्तमानाच्या पुस्तिका विकल्या जात. फुकट दिलेला कागद पुडी बांधायला जातो, विकत घेतलेला घरात राहतो, हा अनुभव बायबल सोसायट्यांना सर्वत्र आलेला होता. कपाशीच्या हंगामात लोकांच्या हातात थोडे पैसे असत, त्यामुळे विक्रीही हिवाळ्यातच होई.

आता मडमसाहेबांचे काम. तंबूच्या दुसऱ्या दाराशी, उन्हात, एक घडीचे टेबल आणि त्यावर औषधांची पेटी. कोयनेल, एरंडेल, टिंक्चर आयोडीन, डोळ्यांसाठी बोरिक, खरजेसाठी गंधकाचे मलम, एवढ्यावर दवाखाना चाले. पावसाळ्यानंतर हिवतापाचे रोगी फार असत आणि थंडी वाढली की लहान मुलांच्या छातीच्या तक्रारी. "बाई, पोराच्या छातीत घरघर हाय, काई औषीद द्या," असे म्हणत आलेल्या आईपुढे बसलेली बाई बहुधा डॉक्टर नसे. शिक्षिका म्हणून किंवा नुसती पत्नी म्हणून आलेली असे, आणि औषधाचे ज्ञान एखाद्या घरगुती वैद्यकाच्या पुस्तकातले. न्यूमोनियापुढे तिच्या पेटीत त्या काळी काहीच नव्हते. नंतरच्या आठवणींमध्ये गावकऱ्यांना प्रवचने क्वचितच आठवतात, मलम आणि कोयनेल आठवते. ही गोष्ट मिशनच्या हितचिंतकांना आणि टीकाकारांना दोघांनाही अडचणीची आहे.

औषधे आटोपली की बायबलबाईला बरोबर घेऊन घरोघर जायचे. परदेशी पुरुषाला जिथे ओसरीच्या आत जाता येत नसे, तिथे त्याच्या बायकोला चुलीपर्यंत जाता येई. हाच जोडपे पाठवण्यामागचा मिशनचा हिशेब होता. त्यातही खरे दार उघडायची ती बायबलबाई. बहुधा विधवा, थोडे लिहायला-वाचायला शिकलेली, त्या भागातली बोली आणि नाती जाणणारी. मडमसाहेबांच्या आधी तिला घरात घेतले जाई, आणि मडमसाहेब निघून गेल्यावर पुन्हा त्या घरी जायची तीच. अहवालांत तिचे नाव अनेकदा एका शब्दात उरकलेले असते.

याशिवाय स्वयंपाकघर. दुधाला उकळी आल्याशिवाय ते कोणाला प्यायला द्यायचे नाही, पिण्याचे पाणी उकळून गाळून ठेवायचे, कोंबडी-अंडी गावातून घ्यायची. पाव मिळण्याची सोय फक्त यवतमाळला, म्हणून पाव तंबूतच भाजायचा. रॉकेलचा रिकामा डबा आडवा करून त्याच्या खाली आणि वर निखारे रचले की त्याचीच भट्टी. पीठ आदल्या रात्री मळायचे, पण थंडीत खमीर फुगत नाही, म्हणून पिठाचे भांडे घोंगडीत गुंडाळून बिछान्याच्या पायथ्याशी ठेवायचे. त्याच डब्याचा जुळा भाऊ अंघोळीचे पाणी तापवी आणि तिसरा बादली म्हणून मोटेजवळ असे. भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊन दौरे करणारी जोडपी होती, त्यांचा खर्च कमी आणि दौरा हलका. बाकीच्यांचा बराचसा वेळ आणि अर्धी बंडी घरचे जेवण घराबाहेर तयार करण्यात जाई.

या सगळ्या कामाची मोजदाद कशी होई, हे पाहण्यासारखे आहे. पश्चिम महाराष्ट्रात मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाच्या एकोणिसाव्या शतकातल्या याद्यांत मिशनऱ्याच्या पत्नीची नोंद 'सहायक मिशनरी' अशी असे. पगार जोडप्याला एक आणि तो नवऱ्याच्या नावे. उलट अविवाहित मिस साहेबांना स्त्रियांच्या संस्थांकडून स्वतंत्र पगार आणि स्वतंत्र कामही मिळे. एकाच आमराईत शेजारी तंबू असलेल्या दोन बायकांपैकी एकीच्या कामाची वेगळी नोंद होई, दुसरीचे काम नवऱ्याच्या अहवालात विरघळून जाई. दौरा यशस्वी झाला की तो साहेबाचा, आणि तंबूतला स्वयंपाक, औषधे, हिशेब, मुले, पाहुणे हे गृहीत. मराठी पाळकाच्या बायकोची स्थिती याहून वेगळी नव्हती, फक्त तिच्या वाट्याला स्वयंपाकीही नसे.

मुलांचा प्रश्न हिवाळ्याने सर्वांत अवघड केला. भारतातल्या अमेरिकन मिशनऱ्यांची मुले साधारण सहा-सात वर्षांची झाली की थंड हवेच्या ठिकाणच्या शाळांत जात, मसुरीजवळच्या वुडस्टॉकला किंवा १९०१ मध्ये सुरू झालेल्या कोडाईकनालच्या शाळेला. डोंगरावरच्या या शाळांची मोठी सुटी थंडीत असे. म्हणजे मुले घरी यायची ती नेमकी दौऱ्याच्या महिन्यांत. आईवडिलांपुढे दोनच मार्ग. दौरा आखडता घ्यायचा, नाहीतर मुलांना तंबूत न्यायचे. बहुतेकांनी दुसरा धरला. अशा मुलांच्या पुढच्या आयुष्यातल्या आठवणींत हिवाळ्याचा तंबू फार सुखाचा म्हणून येतो. हुरडा, बोरे, तुरीच्या शेंगा, बैलांच्या घुंगरांचा आवाज, रात्री दूरवर ऐकू येणारी कोल्हेकुई. आईच्या पत्रांत तेच दिवस वेगळे दिसतात. मुलांचे कपडे वर्षभरात आखूड झालेले, खोकला झालेला, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा पेट्या भरून स्टेशनवर सोडायचे. वर्षातले इतके थोडे दिवस ज्यांच्यासोबत काढायचे, त्यांच्यासोबतही काम सुरूच.

जी जोडपी दौऱ्यावर न जाता ठाण्यावर राहत, त्यांचा हिवाळाही रिकामा नसे. मिशनचा बंगला म्हणजे जाड भिंती, कवेलूचे छप्पर, उंच छत आणि चारी बाजूंनी व्हरांडा. सगळी रचना उन्हाळा लक्षात घेऊन केलेली. त्यामुळे जानेवारीत खोल्या गार पडत आणि घरातली माणसे सकाळचा चहा व्हरांड्याच्या उन्हात घेत. आवारात मुलांचे आणि मुलींचे बोर्डिंग. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत अनाथ झालेली मुले मिशनने सांभाळायला घेतली, त्यातून यवतमाळचे अनाथालय आणि शाळा वाढली. अशा घरात थंडी म्हणजे घोंगड्यांचा हिशेब. किती आहेत, किती फाटल्या, एका घोंगडीत दोन मुली झोपवल्या तर खरूज पसरते, वेगळे झोपवले तर घोंगड्या पुरत नाहीत. अमेरिकेतल्या मंडळ्यांमधल्या बायका ठिगळांच्या गोधड्या, बाहुल्या आणि वापरलेली नाताळची रंगीत कार्डे पेट्यांत भरून पाठवत. गोधड्या कामाला येत. कार्डांवर बर्फात बुडालेली घरे आणि लाल छातीचे पक्षी असत, ते दारव्ह्याच्या मुलाला काय कळणार? तरी ती कार्डे मुले वर्षानुवर्षे जपून ठेवत.

परसात याच दिवसांत कोबी, वाटाणा, टमाटे, फुलकोबी लागे. बी कधी मुंबईहून, कधी टपालाने परदेशातून येई, आणि वाफ्यांना मोटेचे पाणी. आंबिया बहाराची संत्री स्वस्त झाली की मुरंबा, पेरूची जेली, टमाट्याचे काचेच्या बरण्यांतले साठवण, अशी उन्हाळ्याची बेगमी उरकून घेतली जाई. टपालाला अमेरिकेतून बोटीने महिना-दीड महिना लागे. म्हणून नाताळची भेट पाठवायची तर ती तिकडच्यांनी शरद ऋतूतच टाकायची, आणि तरीही ती बहुधा जानेवारीत पोहोचायची.

नाताळ हा दौऱ्याच्या मध्ये येणारा थांबा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तंबू ठाण्यावर परत येत आणि जिल्ह्यातले प्रचारक, शिक्षक आपापल्या कुटुंबांसह गोळा होत. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ दिवाळीसारखाच. करंज्या, शेव, चिवडा, लाडू. देवळाला आंब्याच्या पानांची तोरणे, झेंडूच्या माळा, केळीचे खांब, रंगीत कागदाच्या पताका. चोवीस तारखेच्या रात्री बोर्डिंगची मुले कंदील आणि ढोलकी घेऊन ख्रिस्ती वस्तीत आणि बंगल्यांपुढे गाणी म्हणत फिरत. अमेरिकन जोडप्याने या सणाला आपल्या घरचे रूप देण्याचा प्रयत्न केला, तरी तो झाडापुरताच राही, आणि झाडही बहुधा बाभळीची किंवा निलगिरीची फांदी. शहरातले व्यापारी आणि वकील फळांच्या डाल्या आणि हार घेऊन भेटीला येत. ही रीत इंग्रज अधिकाऱ्यांसाठी पडलेली. बंगल्यात राहणारा गोरा माणूस म्हणजे सरकारचाच, असे लोकांनी धरून चालणे स्वाभाविक होते. फ्री मेथडिस्ट अमेरिकन होते, सरकारी नोकर नव्हते. पण बंगला, दमणी, टोपी आणि चावडीवर मिळणारा मान या सगळ्यांनी तो फरक पुसट केला होता, आणि तो पुसट राहण्याचा फायदाही त्यांना मिळत होता.

एकतीस डिसेंबरच्या रात्री जागरणाची उपासना. मेथडिस्ट परंपरेत वेस्लीच्या काळापासून चालत आलेली ही रीत यवतमाळच्या मंडळीत सहज रुजली, कारण रात्रभर जागून भजन करणे इथे कोणालाच नवे नव्हते. त्यानंतर मिशनची वार्षिक सभा, हिशेब, बदल्यांच्या याद्या. कोणत्या जोडप्याने पुढच्या वर्षी कोणते ठाणे सांभाळायचे हे तिथे ठरे. बदली झाली की बायकोने लावलेली कोबी दुसऱ्याच बाईच्या ताटात जाई.

जानेवारीअखेर पुन्हा तंबू बाहेर पडत, आता आठवडी बाजारांच्या आणि यात्रांच्या दिशेने. थंडी सरता सरता वणीला रंगनाथस्वामींची यात्रा आणि गुरांचा बाजार भरतो. अशा ठिकाणी तीन-चार तालुक्यांतली माणसे एकत्र सापडत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मात्र अनेक हिवाळे प्लेगने खाल्ले. दख्खनच्या पठारावर प्लेगचा जोर थंडीतच वाढे. गावे ओस पडून लोक शेतांत झोपड्या घालून राहत, बाजार बंद होत, बोर्डिंगची मुले घरी पाठवावी लागत. मार्चच्या सुरुवातीला उन्हाचा चटका लागला की तंबू धुऊन, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून बांधले जात.

या सगळ्या खटपटीचे संख्येत फळ बेताचेच होते. गोंड, कोलाम, बंजारा, कुणबी यांच्यातून थोडे लोक आले, मंडळी वाढली ती मुख्यतः महार-मांगांतून, आणि तीही लहानच राहिली. कामाच्या हेतूवर प्रश्न उठत होते. नदीपलीकडे सेवाग्रामला १९३६ पासून गांधीजी राहत होते. सेवेच्या आडून धर्मांतर करणे त्यांना मान्य नव्हते आणि ते तसे उघड बोलत. शेकोटीजवळ औषध देणाऱ्या बाईला हा प्रश्न व्यक्तिशः बोचत असावा, कारण तिच्या पेटीतले मलम आणि तिच्या हातातली पुस्तिका एकाच टेबलावर असत.

१९५६ हे वर्ष जिल्ह्यातल्या मिशन कामासाठी वळणाचे ठरले. तेव्हा यवतमाळ मध्य प्रदेशात होते. त्या सरकारने भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल त्या वर्षी आला, आणि त्यात परदेशी पैसा व धर्मांतर यांवर कठोर टीका होती. १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि विदर्भातल्या महारवाड्यांनी ती पाठोपाठ स्वीकारली. १ नोव्हेंबरला जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. ज्या वस्तीजवळ इतकी वर्षे तंबू ठोकले होते, त्या वस्तीला आता स्वतःचा धर्म, स्वतःचे बुद्धविहार आणि स्वतःचे पुढारी होते. पुढच्या हिवाळ्यात आलेल्या प्रचारकाचे तिथे ऐकले जाई, पण पूर्वीसारखे उत्तराची वाट पाहत नव्हे.

एव्हाना जोडप्यांचे कामही बदलले होते. १९५३ मध्ये अनेक मिशनांनी मिळून यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू केली. फ्रँक क्लाइन तिचे पहिले प्राचार्य. न्यूझीलंडहून आलेले ब्रूस आणि कॅथलीन निकल्स यांच्यासारखी जोडपी इथे वर्षानुवर्षे शिकवत राहिली. नागालँड-मिझोरमपासून केरळपर्यंतचे विद्यार्थी येत आणि शिक्षण इंग्रजीतून चाले. या जोडप्यांचा हिवाळा तंबूतला नव्हता, तासिकांचा, परीक्षांचा आणि विद्यार्थ्यांना चहाला बोलावण्याचा होता. रविवारी विद्यार्थ्यांसह जवळच्या खेड्यांत जाणे एवढाच दौऱ्याचा अंश उरला. पांढरकवड्याकडच्या उमरीला मिशनचे रुग्णालय होते, आणि औषधाच्या पेटीची जागा तिथल्या शस्त्रक्रियेच्या टेबलाने घेतली. हिवाळ्यात रस्ते सुकले की उमरीला रोग्यांच्या बंड्यांची रांग वाढे. आता लोक दवाखान्याकडे येऊ लागले होते.

परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणे पुढच्या दशकांत दुर्मीळ होत गेले. सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीत गेली आणि यवतमाळमधली परदेशी कुटुंबांची वस्ती जवळजवळ संपली. खेड्यांतल्या सभा, नाताळचा फराळ आणि जागरणाची उपासना हे सगळे इथल्या मराठी पाळकांच्या आणि त्यांच्या बायकांच्या हाती आले. पगार बहुतेक मंडळ्यांत आजही एकट्या पाळकाच्याच नावे निघतो.